फोटो बदला म्हणे!

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. आमच्या घरीही आजीचा एक पितळी गुंड आहे. त्याच्या गळ्याशी तिचं नाव आणि साल आहे, दुकानदाराने टाकून दिलेलं. त्या गुंडावर मी लेख लिहिला. ऑनलाइन एडिटरमध्ये मजकूर बिनतक्रार चढला. फोटो टाकला, तर उत्तर आलं: ‘हा फाइल प्रकार चालत नाही.’

माझा फोन एचईआयसीमध्ये फोटो काढतो आणि त्या एडिटरला फक्त जेपीजी नाहीतर पीएनजी कळतं. मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲप केला आणि तिथून परत उतरवला. जेपीजी मिळालं, पण नावाची अक्षरं पुसट झाली. ज्या अक्षरांसाठी लेख लिहिला, तीच वाचता येईनात.

माझं म्हणणं सरळ आहे. नवा फोटो घेता न येणं हा एडिटरचा दोष आहे, लिहिणाऱ्याचा नाही.

आणि ‘नवा’ म्हणजे तरी किती नवा? जेपीजी १९९२चं. गुगलने वेबपी २०१०मध्ये आणलं. त्यांच्याच मोजणीनुसार तेवढ्याच दर्जाचा फोटो त्यात २५ ते ३४ टक्के कमी जागा घेतो. तुम्ही दिवसभर पाठवता ती व्हॉट्सॲपची स्टिकरं वेबपीच असतात. आयफोनमध्ये एचईआयसी २०१७मध्ये आलं. एव्हीआयएफ हा प्रकार २०१९मध्ये जाहीर झाला. तरी लिब्रेऑफिसला वेबपी उघडायला २०२२ उजाडलं आणि ईमॅक्सला २०२३.

मराठीला हे दुखणं ओळखीचं आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे. तरी त्यानंतर कित्येक वर्षं मराठी फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की चौकटी नाहीतर भलतीच अक्षरं दिसायची. तेव्हाही ऐकावं लागायचं, ‘तुमचा फॉन्ट बदला.’ शेवटी बदलावं लागलं ते सॉफ्टवेअरलाच.

समोरून दोन मुद्दे येतात आणि दोन्ही खरे आहेत. एचईआयसीमागे पेटंटांची गुंतागुंत आहे. सप्टेंबर २०२३मध्ये वेबपी वाचणाऱ्या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली आणि ब्राउझरवाल्यांना घाईने दुरुस्ती करावी लागली. पण फाइल नाकारल्याने धोका संपत नाही, तो आपल्या गळ्यात पडतो. आपण कुठल्यातरी ‘फ्री कन्व्हर्टर’ साइटवर जातो आणि तिथे फोटो चढवतो. आज आजीचा गुंड, उद्या आधार कार्ड, परवा सातबारा. तो सर्व्हर कुणाचा, हे कोण विचारतं?

उपाय असाध्य नाही. वर्डप्रेसने २०२१मध्ये वेबपी घेतलं आणि २०२४मध्ये एव्हीआयएफ. त्याच वर्षी, सर्व्हरवर सोय असेल तर, एचईआयसी फोटो घेऊन स्वतःच त्याचं जेपीजी करायलाही सुरुवात केली. बदल करायचाच आहे, तर तो एडिटरने एकदा करावा. हजारो लिहिणाऱ्यांनी रोज का करायचा?

म्हणून पुढच्या वेळी फोटो नाकारला गेला, तर कन्व्हर्टर शोधण्याआधी एडिटरवाल्यांना एक ओळ लिहा: ‘माझा फोटो ठीक आहे, तुमचा एडिटर सुधारा.’ माझा लेख पुसट फोटोसह आला आहे. मूळ फोटो अजून फोनमध्ये आहे आणि ही ओळ मी पाठवली आहे.