इशारा आहे, पत्ता नाही

दारूच्या बाटलीचे लेबल वाचा. मद्यसेवन आरोग्यास हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढे त्यावर असते. १ एप्रिल २०१९ पासून हा इशारा देशभर सक्तीचा आहे. आता सिगारेटचे पाकीट घ्या. त्यावर इशारा आहे, चित्र आहे आणि ‘आजच सोडा’ असे सांगणारा १८००-११-२३५६ हा फोन क्रमांकही आहे. तो १ सप्टेंबर २०१८ पासून छापावा लागतो. तंबाखू सोडायची तर कुठे विचारायचे, हे पाकीटच सांगते. बाटली सांगत नाही. तंबाखूच्या बाबतीत जे सुचले, ते सातच महिन्यांनी दारूच्या बाबतीत का सुचू नये?

क्रमांक नाही म्हणून छापला नाही, असेही नाही. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पण हा क्रमांक माहीत असलेली माणसे आपल्या ओळखीत किती निघतील?

दारू वाईट, हे पिणाऱ्याला ठाऊक असते. त्याच्या बायकोला आणि मुलांना तर ते त्याच्याआधीच कळलेले असते. ठाऊक नसते ते पुढचे. सोडायची ठरवली तर आज संध्याकाळी जायचे कुठे? रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्याला आधी डॉक्टर लागतो. लेबलवरचा इशारा हे सांगत नाही. फोनवरचा माणूस सांगू शकतो, आणि दारू सोडू पाहणाऱ्यांची जवळची मीटिंग कुठे भरते हेही.

मीटिंगा भरतात. दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे (ए.ए.) काम भारतात १९५७ पासून चालू आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून. कुठे शाळेचा वर्ग, कुठे चर्चचे सभागृह; खुर्च्या मांडायच्या, तास-दीड तास बसायचे. ए.ए.मध्ये फी नाही. आडनाव कुणी विचारत नाही. पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे, असेही नाही. अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. घरच्यांसाठी अल-अनॉनचे वेगळे गट आहेत. इतकी साधी, बिनखर्चाची गोष्ट. आणि ती शेजारच्या गल्लीत भरते हे कळायला घरांची वर्षे जातात. दारूचे दुकान शोधायला कुणाला वर्षे लागत नाहीत. त्याच्यावर पाटी असते.

योग्य वेळी पत्ता डोळ्यांसमोर असणे किती मोलाचे, हे ए.ए.च्या जन्मकथेतच आहे. मे १९३५. अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहर. धंद्यातला व्यवहार फसलेला बिल विल्सन एका हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. एका बाजूला बार होता. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातील चर्चची यादी. त्याने यादीतले क्रमांक फिरवायला सुरुवात केली. त्यातूनच त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली आणि दोघांनी मिळून ही चळवळ उभी केली. त्या लॉबीत ती यादी नसती, तर बार तर होताच.

यावर एक आक्षेप येईल. हे गट निनावी असतात, मग त्यांची पाटी कशी लावायची? निनावीपणा माणसांचा आहे. मीटिंगला कोण येते आणि काय बोलते, ते बाहेर जाऊ नये. जाताही कामा नये. मीटिंगची जागा, वार आणि वेळ ए.ए. स्वतःच उघडपणे सांगते. निनावीपणाच्या आडोशाचा फायदा घेऊन गप्प बसतो ते आपण. सरकार बसते, दवाखाने बसतात, सोसायट्या बसतात. ‘आपल्याकडे असे कुणी नाही’ असे दाखवायची सोय त्यात असते.

तेव्हा मागणी दोन ओळींची आहे. केंद्राने प्रत्येक बाटलीवर इशाऱ्याच्या खाली १४४४६ छापायला लावावे. राज्य उत्पादन शुल्क विभागाने परवान्याच्या अटींत एक अट वाढवावी: दुकानात आणि बारमध्ये, गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी, त्या भागातील मीटिंगचे ठिकाण, वार आणि वेळ लिहिलेली पाटी हवी. यासाठी नवा कर नको, नवी योजना नको. जे सरकार प्रत्येक बाटलीमागे महसूल मोजून घेते, त्याला एवढे करणे अवघड नाही.

ते होईपर्यंत वाचकांनी थांबू नये. जवळची मीटिंग कुठे भरते, ते विचारून घ्या. इमारतीच्या फलकावर लिहा, फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. कुणासाठी, ते लिहू नका. ज्याला हवे आहे, तो वाचेल.