खूण झाली, दात घासले का?

‘तोंडाची स्वच्छता : झाली.’ वृद्धांच्या काळजीगृहांसाठी बनवलेल्या जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ही ओळ असते. तिच्यापुढे एक चेकबॉक्स असतो. त्यात खूण केली की ओळ हिरवी होते, शिफ्ट संपते आणि सुपरवायझरच्या स्क्रीनवर शंभर टक्के काम पूर्ण दिसतं. कोणाच्या हिरडीतून रक्त आलं, कोणाची कवळी तीन दिवस तोंडातून निघालीच नाही, कोणी ब्रश पाहताच तोंड गच्च मिटून घेतलं, यातलं काहीही त्या चौकोनात मावत नाही.

मी पुण्यात बसून अशाच सॉफ्टवेअरवर काम करते. आमचे ग्राहक अमेरिकेतली नर्सिंग होम्स आहेत. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. तिकडे त्याचा अर्थ वेगळा आहे. ज्यांना अंथरुणातून उठणं, जेवणं, अंघोळ यांसाठी रोज माणूस लागतो, अशा वृद्धांचं ते कायमचं घर. डिजिटल साधनांमुळे तिथली काळजी सुधारेल, असं आमच्या क्षेत्रात सगळेच म्हणतात. मीही म्हणते. पण तोंडाच्या काळजीबाबत आपण सुधारणा नेमकी कशाला म्हणतो, याविषयी बोलायला हवं.

सुरुवात दातांपासून नको, फुप्फुसापासून करू. म्हातारपणी गिळण्याची क्रिया मंदावते. पक्षाघात, पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंश असेल तर जास्तच. झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत उतरते आणि तरुण माणसाला लागतो तसा ठसकाही लागत नाही. त्या लाळेत काय आहे यावर पुढचं ठरतं. दातांवर आणि कवळीवर जंतूंचा थर साचला असेल तर तोच फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. पंच्याऐंशीच्या माणसाला न्यूमोनिया होणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात झालं आहे त्यांना सांगायला नको.

जपानमधल्या ११ नर्सिंग होम्समधला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. काही रहिवाशांचे दात रोज जेवणानंतर मदतनिसांनी घासले, शिवाय दंतवैद्यकातल्या माणसांनी आठवड्याला लक्ष घातलं. बाकीच्यांचं नेहमीसारखंच चालू राहिलं. दोन वर्षांत नेहमीच्या गटात १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, काळजी घेतलेल्या गटात ११ टक्के लोकांना. यात औषध नव्हतं, यंत्रही नव्हतं. ब्रश होता आणि तो धरणारा हात होता.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधला, २०२० सालचा. १४ नर्सिंग होम्स आणि दोन हजारांहून जास्त रहिवासी. निम्म्या ठिकाणच्या मदतनिसांना स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं तोंड झटापट न करता कसं स्वच्छ करायचं, हे शिकवलं गेलं. पहिल्या वर्षी तिथे न्यूमोनिया लक्षणीय कमी झाला. दोन्ही वर्षांचा हिशेब एकत्र केला तेव्हा मात्र तो फरक टिकला नाही. मला हा अभ्यास जपानच्या अभ्यासापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. कसं करायचं हे कळणं आणि ते दुसऱ्या वर्षीही, माणसं बदलल्यावरही, चालू ठेवणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत. सॉफ्टवेअरला खरं काम आहे ते दुसरीत. पण आपण त्याला बहुतेक वेळा तिसरंच काम देतो : तपासणी आली की दाखवायला हिरव्या ओळी तयार ठेवणं.

शिफ्ट संपताना बारा रहिवाशांसमोर एकाच मिनिटात बारा खुणा पडतात, हे या धंद्यातल्या कोणालाही नवीन नाही. त्यावरून मदतनिसाला खोटारडं ठरवणं सोपं आहे. पण तिच्या बाजूने बघा. सकाळच्या दोन तासांत इतक्या जणांना उठवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे, भरवायचं. ज्याला ब्रश नको आहे त्याच्या तोंडात हात घातला तर तो चावतो. खूण नाही केली तर स्क्रीन लाल होते आणि जाब तिलाच विचारला जातो. ‘प्रयत्न केला, आज जमलं नाही’ असं लिहायला जागाच ठेवलेली नसेल, तर खोटी नोंद आम्ही इंजिनिअरांनीच तिच्या हातात ठेवली असं म्हणावं लागेल.

त्यामुळे माझी पहिली मागणी साधी आहे. काम झालं का, एवढंच विचारू नका. तोंडात काय दिसलं ते विचारा. यासाठी नवीन काही शोधायची गरज नाही. ऑस्ट्रेलियात जेन चामर्स यांच्या गटाने २००५ साली तपासून प्रसिद्ध केलेला एक तक्ता जगभर वापरला जातो. ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, नैसर्गिक दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणं अशा आठ गोष्टी. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. दंतवैद्य नसलेली मदतनीसही टॉर्च घेऊन काही मिनिटांत तो भरू शकते. तो फोनवर आणला तर मागच्या महिन्याचे गुण शेजारी दिसतात. जीभ गेल्या महिन्यात ओली होती, आता कोरडी आणि भेगाळलेली आहे. मध्यंतरी कोणतं नवीन औषध सुरू झालं? ही जोड कागदी वहीत शोधणं कठीण जातं, कारण औषधांची वही वेगळी असते. मशीनला ते सोपं आहे.

दुसरी मागणी : नकाराला मान द्या आणि त्यातून शिका. दुखणं सांगता न येणारा माणूस अनेकदा नकारातूनच सांगत असतो. आजोबा चार दिवस डाव्या बाजूला ब्रश लावू देत नाहीत, ही तक्रारच आहे. आणि काय केल्यावर त्यांनी तोंड उघडलं, हेही लिहून ठेवण्यासारखं आहे. समोर बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन, त्यांच्याच हातात ब्रश देऊन वरून आपला हात धरला तर जमतं का? सकाळी चहाआधी जमतं की दुपारी? ज्या आजींनी आयुष्यभर मिश्री लावली त्यांना पुदिन्याची पेस्ट झोंबते का? नमाजी माणसाला वुजू करताना दिवसातून पाच वेळा चूळ भरायची सवय असते. हात थरथरू लागले तरी ती वेळ त्याच्या अंगात असते आणि ब्रशसाठी त्याहून चांगली वेळ शोधून सापडणार नाही. कोणी मिसवाक मागेल, तोही दात स्वच्छच करतो. मात्र गिळायला त्रास होत असेल तर भरलेली चूळ श्वासनलिकेत जाऊ शकते. तिथे बसवून, मान किंचित पुढे झुकवून, ओल्या ब्रशने काम करावं लागतं. नवीन आलेल्या मदतनिसाला पहिल्याच दिवशी हे सगळं फोनवर, तिच्या भाषेत, जमलं तर आवाजात मिळालं पाहिजे. दुसरं वर्ष टिकवायचं ते असं.

तिसरी मागणी पूर्ण करणं सर्वांत अवघड. नोंद कोणाकडे जाते? अमेरिकेत नर्सिंग होमला रहिवासी दाखल झाल्यावर आणि पुढे किमान वर्षातून एकदा सरकारी फॉर्म भरावा लागतो. त्यात सैल किंवा मोडकी कवळी, किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, चावताना त्रास असे रकाने आहेत. ‘तपासता आलं नाही’ असाही एक आहे. कवळी हरवली किंवा मोडली तर तीन दिवसांत दंतवैद्याकडे पाठवण्याचा नियमही आहे. पण ज्येष्ठांसाठीचा सरकारी मेडिकेअर विमा नेहमीच्या दंतोपचारांना आणि कवळीला पैसे देत नाही. न्यूमोनिया होऊन हॉस्पिटलात जावं लागलं तर देतो.

इंग्लंडमधलं चित्रही असंच. तिथल्या काळजी गुणवत्ता आयोगाने २०१९ मध्ये १०० केअर होम्स पाहिली. निम्म्याहून जास्त ठिकाणी तोंडाच्या आरोग्याविषयी कोणतंही धोरण नव्हतं, ४७ टक्के ठिकाणी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण नव्हतं आणि पाहिलेल्या काळजी-आराखड्यांपैकी ७३ टक्क्यांत तोंडाचा उल्लेख अर्धवट होता किंवा नव्हताच. याबाबतची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तर २०१६ मध्येच आली होती. म्हणजे नियम आणि कॉम्प्युटर दोन्ही असून हे झालं.

दंतवैद्याला दूरवरून तोंड दाखवण्याचे प्रयोग मात्र मला आशादायक वाटतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी नर्सिंग होममधल्या वृद्धांच्या तोंडाचं छोट्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करून दूरच्या दंतवैद्याला दाखवलं आणि निदान प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहिलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अचूकता नव्वद टक्क्यांहून जास्त होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जिन्यावरून उतरवून, गाडीत घालून, दवाखान्याच्या खुर्चीत बसवायचं की नाही हे आधी व्हिडिओवर ठरवता आलं, तर केवढा त्रास वाचतो! फोटो पाहून कीड ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल मी सावध आहे. तंबाखू-मिश्रीने रंगलेले, झिजलेले आपले दात त्या मॉडेलने शिकताना पाहिले होते का, हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारावा.

आपल्याकडच्या वृद्धाश्रमांत मोठी सॉफ्टवेअर्स फारशी नाहीत. वही असते, व्हॉट्सॲप ग्रुप असतो, कामाला मावशी आणि मामा असतात. यात मला संधी दिसते, कारण चुकीचा चेकबॉक्स अजून बसलेला नाही. वर सांगितलेला आठ गोष्टींचा तक्ता मराठीत, हिंदीत, उर्दूत करून साध्या गुगल फॉर्मवर टाकायला एका इंजिनिअरला एक रविवार पुरे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, खासगी तर कितीतरी जास्त. तिथले इंटर्न वर्षातून एकदा शिबिर घेऊन, टूथपेस्ट वाटून, फोटो काढून जातात. त्यापेक्षा एका महाविद्यालयाने तीन-चार वृद्धाश्रम बांधून घ्यावेत, दर महिन्याचे तक्ते पाहावेत आणि लाल गुण असलेल्यांसाठी माणूस पाठवावा. दोन आठवडे बरी न झालेली जखम किंवा पांढरा चट्टा त्यात लवकर दिसेल, आणि तोंडाचा कर्करोग इतका असलेल्या देशात ही छोटी गोष्ट नाही.

फोटो मात्र ग्रुपवर टाकू नयेत. उघड्या तोंडाचा, कवळी काढलेला फोटो ही त्या माणसाची खासगी बाब आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं नाव घेण्याआधीच ती आहे. ज्याला समजतं त्याला विचारावं, ज्याला समजत नाही त्याच्या जवळच्या माणसाला विचारावं, आणि फोटो पाहायचा तो दंतवैद्याने. देणगीदारांच्या अहवालात तो जाऊ नये.

पैशाचा प्रश्न आपल्याकडेही अमेरिकेसारखाच उलटा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना ७० वर्षांवरच्या सर्वांना लागू झाली, हे चांगलंच झालं. पण ती हॉस्पिटलात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची योजना आहे. न्यूमोनियासाठी पैसे मिळतील. सैल कवळी बसवून घ्यायला मिळणार नाहीत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान दीडशे जणांचा एक वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे. अशा आश्रमांचं अनुदान मंजूर करताना समाजकल्याण खात्याने तोंडाच्या मासिक तपासणीचा तक्ता मागितला, तर खर्च वाढतो तो टॉर्चचा, हातमोज्यांचा आणि मऊ ब्रशांचा. आणि प्रत्येक कवळीवर नाव घालण्याचा; धुतल्यावर त्या एकमेकींत मिसळतात, आणि मग जेवताना दुसऱ्याची कवळी तोंडात बसत नाही म्हणून माणूस नुसती पेज पिऊन दिवस काढतो.