फाईल जागेवरच राहू द्या, किल्ली घेऊन आपण जाऊ



संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. कुकर गॅसवर असतो. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज येतो, 'इयत्तानिहाय विद्यार्थी माहिती आजच्या आज पाठवावी. अत्यंत महत्त्वाचे.' माहिती तयार असते, पण ती शाळेच्या संगणकावर. शाळेला कुलूप आणि शाळा दूर. असं दोन-चार वेळा झालं की आपण शहाणे होतो. सगळ्या फाईली स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवतो, पेनड्राइव्हमध्ये घालून पर्समध्ये टाकतो, नाहीतर ड्राइव्हवर टाकून लिंक सगळ्यांसाठी खुली करतो. काम भागतं. खरंय ना?

मीही तेच करत होते. माझ्या वर्गाची एक एक्सेल होती. त्यात मुलांची नावं, आईचं नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, बँक खातं, पालकांचा मोबाईल असं सगळं. लिंक 'एनीवन विथ द लिंक' ठेवलेली, म्हणजे ज्याच्या हाती लिंक त्याला फाईल उघडणार. एकदा घाईघाईत ती लिंक सहकारी सरांना पाठवायच्या ऐवजी पालकांच्या ग्रुपवर गेली. पाचच मिनिटांत एका आईचा फोन आला, "बाई, माझ्या पोरीचा आधार नंबर अख्ख्या गावाला कशाला दाखवताय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेसेज काढला, लिंक बंद केली. पण तेवढ्या वेळात कोणी फाईल उतरवून घेतली असेल, तर ती परत कशी आणणार? चूक माझीच होती. तेव्हापासून या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्यातून माझं एक मत पक्कं झालं, तेच आज सांगते. फाईलला गावभर फिरवायचं नाही. फाईल एका जागी राहील आणि ज्याला गरज आहे तो स्वतःची किल्ली घेऊन तिच्यापर्यंत जाईल.

घरून शाळेची फाईल का उघडत नाही?

शाळेतले दोन-तीन संगणक एका राउटरला जोडलेले असतात. एकावरचं शेअर केलेलं फोल्डर दुसऱ्यावर दिसतं. याला लोकल नेटवर्क म्हणतात. तिथल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.५ असा काहीतरी असतो. हा पत्ता घरातल्या खोलीसारखा आहे. 'आतली खोली' एवढाच पत्ता लिहून पोस्टात पत्र टाकलं तर ते पोचेल का? म्हणून घरच्या इंटरनेटवरून ते फोल्डर उघडत नाही. हा बिघाड नाही, हे संरक्षण आहे.

मग कोणीतरी जाणकार सुचवतो, "मॅडम, राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो, कुठूनही फाईल दिसेल." ते करू नका. विंडोजचं फाईल शेअरिंग ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतं. ते बाहेर उघडणं म्हणजे शाळेचं मागचं दार रस्त्याकडे सताड उघडं ठेवणं. अशी उघडी दारं शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच फाईल शेअरिंगमधल्या त्रुटीचा फायदा घेऊन जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. ती त्रुटी बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं होतं, अनेकांनी ते घेतलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात तशाच दुसऱ्या हल्ल्याचा फटका आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलला बसला. आपल्या शाळेतल्या संगणकाचं शेवटचं अपडेट कधी झालं, आठवतंय का?

मग बरोबर रस्ता कोणता?

दोन रस्ते आहेत. शाळा मोठी असेल, स्वतःचा सर्व्हर असेल, तर व्हीपीएन. घरचा संगणक आणि शाळेचं नेटवर्क यांच्यामध्ये एक कुलूपबंद बोगदा तयार होतो. ज्याच्याकडे किल्ली तोच आत येतो, आणि बोगद्यातून काय जातंय ते वाटेत कोणाला वाचता येत नाही. बऱ्याच राउटरमध्ये ही सोय असते. वायरगार्ड, ओपनव्हीपीएन, टेलस्केल यांसारखी साधनंही आहेत. जाणकाराकडून एकदा नीट बसवून घ्यावं लागतं. आणि हो, मोबाईलवर फुकट मिळणारी 'व्हीपीएन' ॲप वेगळी. ती तुम्हाला शाळेच्या नेटवर्कमध्ये नेत नाहीत, उलट तुमची सगळी ये-जा कुणा अनोळखी कंपनीच्या हातून जाते.

आपल्यासारख्या दोन-चार शिक्षकांच्या शाळेला हे पेलत नाही. वीज गेली की संगणक बंद, मग बोगदा कुठला? अशांनी ड्राइव्हसारखी सोय वापरावी, पण शिस्तीनं. मी आता हे पाळते:

१. खातं शाळेच्या नावाचं, कोणा एकाच्या खासगी जीमेलचं नाही. नाहीतर बदली झाली की सरांबरोबर शाळेच्या फाईलीही दुसऱ्या तालुक्यात जातात.

२. शेअरिंग कायम 'रिस्ट्रिक्टेड'. ज्यांना गरज आहे त्यांचेच ईमेल पत्ते टाकायचे. ज्याला फक्त बघायचंय त्याला 'व्ह्यूअर', बदल करायचा त्यालाच 'एडिटर'.

३. प्रत्येकाचं लॉगिन आपापलं आणि त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन. एकच पासवर्ड सगळ्यांना आणि तो कपाटाच्या दाराला चिकटवलेला, हे बंद. ओटीपी फोनवरून विचारणंही बंद.

४. शिक्षक बदलून गेले की त्याच दिवशी त्यांची परवानगी काढायची. हा अविश्वास नाही, चार्ज देताना कपाटाच्या चाव्या देतो तसंच हे.

५. गरज नसलेला रकाना पाठवायचाच नाही. मुलींची संख्या विचारली असेल तर आधार क्रमांक कशाला? आधारची प्रत द्यावीच लागली आणि चालत असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

६. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर फाईल उघडलीच, तर उतरवून ठेवायची नाही आणि साइन आउट केल्याशिवाय उठायचं नाही.

'आमच्या शाळेत काय गुपित आहे?'

हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येतो. मी म्हणते, जनरल रजिस्टर आपण कपाटात कुलूप लावून का ठेवतो? शाळा सोडल्याचा दाखला कोणालाही का देत नाही? तीच माहिती एक्सेलमध्ये आली की एकदम बिनमोल कशी होते? एखाद्या आईला उद्या फोन आला, "तुमच्या मुलीची शिष्यवृत्ती जमा करायचीय, ओटीपी सांगा", आणि समोरच्याला मुलीचं नाव, इयत्ता, खातं सगळं माहीत असेल, तर ती माउली विश्वास ठेवणारच.

आणि आता कायदाही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलंय आणि माहिती बाळगणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी टाकलीय. पण कायद्याचा धाक बाजूला ठेवा. ही माहिती आपली नाही. पालकांनी ती विश्वासानं आपल्याकडे ठेवायला दिलीय, एवढं पुरेसं आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे, "एवढा वेळ कुठून आणायचा?" म्हणूनच वरच्या कार्यालयांनाही नम्रपणे सांगावंसं वाटतं. माहिती मागताना ती कुठे भरायची ती सुरक्षित जागाही द्या आणि शक्य असेल तिथे एक दिवसाची मुदत द्या. मुलांची माहिती दीडशे जणांच्या ग्रुपवर मागवायची आणि जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकायची, हे बरोबर नाही.

पालकहो, तुम्हीही विचारा. 'बाई, आमच्या लेकराची माहिती कुठे ठेवता, कोणकोण बघू शकतं?' असं विचारणं म्हणजे भांडण नव्हे. त्या आईनं फोन केला नसता, तर माझी लिंक कदाचित आजही उघडीच राहिली असती.

मित्रांनो, आज एक छोटा गृहपाठ करूया. आपला ड्राइव्ह उघडा, मुलांची माहिती असलेल्या फाईलींचं शेअरिंग एकदा तपासा. किती उघड्या सापडल्या ते खाली नक्की लिहा. माझ्या सात निघाल्या होत्या.