विचारपूस

आमच्या वडोदऱ्याच्या घरी कपाटावर एक जुना लॅपटॉप आहे. स्क्रीन गेलाय, बाकी ठणठणीत. आजोबांची पत्रं स्कॅन करून, टाइप करून मी त्यावर एक साधी वेबसाइट केली. पुण्याची आत्या रोज सकाळी चहाबरोबर त्यातलं एक पत्र वाचते.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण वीज गेली. ती आल्यावर बाबांनी लॅपटॉप सुरू केला. मात्र वेबसाइट आपोआप सुरू व्हावी अशी सोय मीच केली नव्हती. मी इथे मुंबईत, सबमिशनच्या गडबडीत. अकरा दिवसांनी आत्याचा फोन: "पत्रं काढून टाकलीस का रे? नाही, सहज विचारलं." मी मुद्दामच बंद केलं असेल, असं वाटून ती इतके दिवस गप्प राहिली होती. ते मला लागलं.

माझं मत असं, की आपली वस्तू आपल्याच मशीनवर ठेवायची हौस असेल, तर तिची रोज विचारपूस करणं हेही आपलंच काम. त्यासाठी मोठं काही लागत नाही. आलेख काढणारी देखणी सॉफ्टवेअर्स आहेत, पण मग त्यांचीही देखभाल आली. एका वेबसाइटला दहा ओळींची स्क्रिप्ट पुरते.

माझ्या खोलीतल्या रास्पबेरी पायवर क्रॉन दर पाच मिनिटांनी ही स्क्रिप्ट चालवतो. त्यात कर्ल ही कमांड घरच्या लॅपटॉपवरचं पान मागवते. सलग दोनदा उत्तर आलं नाही, तर मला फोनवर संदेश.

करताना तीन गोष्टी कळल्या. पहिली, पहारा दुसऱ्या मशीनवरूनच हवा. जो स्वतःच बंद पडलाय तो काय कळवणार? दुसरी, सर्व्हर 200 म्हणजे 'सगळं ठीक' असं सांगतो आणि पान कोरंच असतं, असंही होतं. म्हणून स्क्रिप्ट पानात 'आशीर्वाद' हा शब्द शोधते. आजोबांचं एकही पत्र त्याशिवाय संपत नाही. तिसरी, संदेश आला नाही म्हणजे सगळं बरं आहे, असं नव्हे. पहारेकरीच झोपला असेल! म्हणून दर रविवारी तो 'मी जागा आहे' एवढं कळवतो.

मित्र हसतात, "वाचक एक, आणि एवढा पहारा?" मला वाटतं, वाचक एकच असेल तर पहारा जास्तच हवा. हजार वाचकांतला कुणीतरी तक्रार करतोच. एकटा माणूस गप्प बसतो.

तुमच्यापैकी कुणी आपल्या कविता, घरातले जुने कागद असे ठेवले असतील, तर त्या दहा ओळी आजच लिहा. अडलं तर सांगा, मिळून बसवू.