स्फटिक आधी, सिद्धान्त मागून

आपल्याकडे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सिद्धान्ताची ओढ फार. प्रात्यक्षिक म्हणजे गुणांपुरते उरकायचे काम. प्रयोगवहीत आधी उत्तर मांडायचे आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणे भरायची, ही रीत मी कित्येक वर्गांत पाहिली आहे. तिचे समर्थन करणाऱ्यांनी स्ट्रॉन्शियम रुथेनेटची हकिगत जरूर ऐकावी.

हा पदार्थ अतिशीत तापमानाला अतिवाहक होतो, म्हणजे त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो, हे १९९४ साली जपानमध्ये योशितेरू माएनो व सहकाऱ्यांनी दाखवले. पण याची जात निराळी. त्याचा शुद्ध स्फटिक सुमारे १.५ केल्विनला अतिवाहक होतो; किंचित भेसळ झाली की तो गुण पार जातो. म्हणून स्फटिक वाढवणे हीच इथली तपश्चर्या. भुकटीची कांडी भाजायची, आरशांनी एकवटलेल्या प्रकाशात तिचा अरुंद भाग वितळवायचा आणि तो वितळलेला पट्टा न सांडता सावकाश सरकवायचा. रुथेनियमचे ऑक्साइड उडून जाते, म्हणून ते आधीच जास्त घालायचे.

अशा स्फटिकांवर १९९८ साली ओसाकाच्या इशिदा प्रभृतींनी चुंबकीय अनुनादाचे मापन केले. अतिवाहक अवस्थेत आकडा घटला नाही. त्यावरून इलेक्ट्रॉनांच्या जोडीतील स्पिन समांतर असल्याचा सिद्धान्त दृढ झाला, आणि तो वीस वर्षे टिकला. २०१९ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी तेच मापन सौम्य रेडिओ-स्पंद वापरून केले. आकडा स्पष्ट घटला! मापनाच्या स्पंदानेच स्फटिक तापत होता. पुढच्याच वर्षी इशिदांच्या गटाने स्वतः फेरमापन करून हे मान्य केले. मला हा त्या गटाचा पराभव वाटत नाही, मोठेपणा वाटतो. इलेक्ट्रॉनांची खरी जोडी कशी, हा वाद आजही मिटलेला नाही.

कुणी म्हणेल, आपल्या कॉलेजात अशी भट्टी कुठली? पण मीटर-ब्रिज तर आहे ना? 'प्रवाह क्षणभरच सोडावा, तार तापू देऊ नये' ही सूचना आपण वर्षानुवर्षे वहीत उतरवतो. इशिदांच्या मापनाचा धडा याहून वेगळा नव्हता. तेव्हा प्राध्यापकांना माझी विनंती आहे: न जुळणाऱ्या निरीक्षणाचे गुण कापू नका, ते का जुळले नाही हे विचारा, आणि त्या उत्तराला गुण द्या. मित्रहो, तुम्हीही आलेला आकडाच लिहा. जुळवलेल्या आकड्यातून कुणालाच काही नवे कळत नाही.