पहिल्या तासाची झोप

दहावीचा वर्ग, सकाळचे सव्वासात. फळ्यावर समासाची उदाहरणं लिहून मी मागे वळले, तर तिसऱ्या बाकावरचा मुलगा वहीवर डोकं टेकवून गाढ झोपलेला. मी त्याला उभं केलं, चार शब्द सुनावले. वर्ग हसला. तो डोळे चोळत म्हणाला, "टीचर, रात को नींदच नहीं आती." मला तो बहाणा वाटला. तास संपेपर्यंत मी त्याला उभंच ठेवलं. गोष्ट जुनी आहे, पण झोपेबद्दल थोडंफार वाचल्यापासून तो मुलगा सारखा आठवतो. तो बहुधा खरंच बोलत होता.

वाचायला लागले ते माझ्याच झोपेमुळे. मुलीने ईदला झोप मोजणारं घड्याळ दिलं. फजरची नमाज झाली की मी आधी फोन उघडायची. शंभरपैकी एकसष्ट! आकडा कमी आला की दिवसभर अंग जड वाटायचं, जास्त आला की बरं वाटायचं. झोपेच्या आकड्यांचा असा ध्यास घेणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' असा शब्दच काढला आहे. मनगटावरच्या घड्याळाला कळते ती हाताची हालचाल आणि नाडी. त्यावरून ते झोपेचा अंदाज बांधतं. मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत. त्यामुळे आपण जागेच पण निपचित पडलेलो असलो, तरी ते अनेकदा त्याला झोप समजतं.

म्हणून तंत्रज्ञान टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात अब्बांच्या घोरण्याचं वर्षानुवर्षं कौतुक होतं, "काय गाढ झोप लागते!" म्हणून. प्रत्यक्षात त्यांचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा अडत होता. डोक्याला, छातीला तारा लावून रात्रभर तपासणी केली तेव्हा हे कळलं. आता ते नाकावर मास्क लावून झोपतात, हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. हे यंत्र १९८० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिवन यांनी शोधलं. अब्बा आता दुपारी वर्तमानपत्र वाचताना पेंगत नाहीत. जिथे आजार आहे तिथे यंत्र हवंच.

पण माझ्या वर्गातल्या मुलाला आजार नव्हता. त्याचं वय पंधरा होतं, एवढंच.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. अशी घड्याळं पेशीच्या आत कशी चालतात हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ रोज उजेडावर जुळवलं जातं. अंधार पडला की त्याच्या सांगण्यावरून मेलाटोनिन पाझरू लागतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. वयात येताना ही वेळ साधारण तास-दोन तास पुढे सरकते. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या मेरी कारस्काडन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. म्हणजे साडेनऊला अंथरुणात घातलेल्या मुलाच्या मेंदूत अजून रात्रच झालेली नसते. त्यात हातात फोन, म्हणजे डोळ्यांवर पुन्हा उजेड.

या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर शिकलेलं मेंदू रात्री पक्कं करतो. म्हणजे झोप कापून पाठांतर करणारा मुलगा एका हाताने भरतो आणि दुसऱ्या हाताने सांडतो. बी.एड.ला मी स्मरणशक्तीवर पानंच्या पानं लिहिली, झोपेवर एक ओळही लिहिल्याचं आठवत नाही.

आता शाळेचं बघू. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. चांगलंच झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलेलं असतं ती आठवी ते दहावीची मुलं या निर्णयात नाहीत. जिथे एका इमारतीत दोन पाळ्या चालतात तिथे कुणाला तरी पहाट घ्यावी लागते, हे मला ठाऊक आहे. तरी ती कुणी घ्यायची हे ठरवताना या मुलांचं वय कुणी विचारात घेतं का?

कुणी म्हणेल, शाळा नऊला भरली तरी आपली मुलं फजरला उठणारच. उठू देत. त्यात तोटा नाही, उलट सकाळचा उजेड हे घड्याळ मागे ओढण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. नमाजीनंतर पुन्हा पांघरूण ओढण्याऐवजी मूल थोडा वेळ उघड्यावर चाललं, तर रात्री झोप लवकर येऊ लागते. प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे. इशानंतर गप्पा मारत बसणं पैगंबरांना आवडत नसे, हे आपण मुलांना सांगतो आणि स्वतः बारापर्यंत मोबाइल चाळत बसतो. रमजानमध्ये तर तरावीह आणि सहरच्या मध्ये झोपेचे दोन तुकडे होतात. तेव्हा दुपारचा वीस मिनिटांचा कैलुला आळस म्हणून हिणवू नये, मुलांना हक्काने द्यावा.

मी माझ्यापुरतं एवढं केलं आहे. घरातले सगळे चार्जर बैठकीच्या खोलीत नेले, माझाही. झोपेचा आकडा बघणं बंद केलं. शाळेत पहिल्या तासाला चाचणी न घेता मुलांना मैदानात उन्हात उभं करून कविता म्हणायला लावते. मुख्याध्यापकांना आठवी ते दहावीच्या वेळेबद्दल अर्जही दिला आहे. उत्तर अजून आलेलं नाही, पुन्हा देईन.

आणि वर्गात कुणी पेंगलं तर आता उभं करत नाही. जवळ जाऊन हळूच विचारते, "रात्री किती वाजता झोपलास, बेटा?"