साधा खोकला

गेल्या श्रावणात आमच्या घरी सगळ्यांना खोकला झाला. आधी मुलाला, मग सासूबाईंना, मग नवऱ्याला आणि शेवटी मला. अडुळशाचा काढा एकाच पातेल्यात उकळायचा आणि सगळे तोच प्यायचे. पण त्यांचा तो नुसता खोकला होता. तीन वर्षांपूर्वी, तेहतिसाव्या वर्षी, माझ्या डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पुढे केमो, रेडिएशन आणि आता रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी. त्यामुळे रात्री दोन वाजता उबळ आली की बाकीचे कूस बदलून झोपायचे आणि मी उठून बसायचे. फुप्फुसात गेला असेल तर किती दिवस मिळतील, मुलगा तोवर कितवीत गेलेला असेल, असले हिशोब करत.

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. काय ऐकायला मिळेल ते ठाऊक होतं. "बरी झालीस ना आता? मग कशाला उकरून काढतेस?" डोकं दुखलं की मेंदू, पाठ धरली की हाडं, पित्त झालं की यकृत. ज्यांनी हे उपचार घेतले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. सांगते ते बाकीच्या मैत्रिणींसाठी, कारण आपल्या बहुतेक गटांत आज अशी एखादी तरी बाई असणार. भारतातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो स्तनाचाच कॅन्सर, आणि उपचारानंतर वर्षानुवर्षं आपल्यात वावरणाऱ्या बायकाही पुष्कळ आहेत. वावरतात, मोर्चात येतात, सतरंज्या उचलतात. फक्त ह्या विषयावर बोलत नाहीत.

एक कबुली आधी द्यायला हवी. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर काही वर्षं मी एका रुग्णालयात समाजसेविका होते. कॅन्सरचे उपचार संपलेली एक बाई महिन्याभरात तिसऱ्यांदा डोकं दुखतं म्हणून आली. डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं. मी तिच्या कागदावर लिहिलं, 'अनावश्यक चिंता. समुपदेशन केले.' समुपदेशन म्हणजे दहा मिनिटं मी बोलले होते. नेमकी कशाची भीती वाटते, हे तिला विचारायचं राहून गेलं होतं. पुढे माझ्यावर पाळी आली तेव्हा टेबलापलीकडचे डॉक्टर म्हणाले, "एवढ्या शिकलेल्या तुम्ही, असं टेन्शन घेऊन कसं चालेल?" मला माझंच अक्षर आठवलं.

ह्या भीतीला अनावश्यक म्हणणं मला आता मुळीच पटत नाही. बाईला लहानपणापासून दुखणं अंगावर काढायला शिकवतात. पाळीत पोट दुखतं, बाळंतपणानंतर कंबर दुखते, अंग बाहेर येतं, सगळं सोसायचं. मीही तेच केलं. गाठ हाताला लागली होती, पण दुखत नव्हती, म्हणून चार महिने घालवले, आणि मी तर आरोग्याची शिबिरं घेणारी बाई! जे दुखत नव्हतं त्याने घात केला. त्यानंतर जे दुखतं त्याकडे दुर्लक्ष कर असं कुणी सांगितलं तर ते कसं ऐकायचं? जिने एकदा उशीर केला आहे ती दुसऱ्यांदा उशीर होऊ नये म्हणून कान लावून बसणारच. यात वेडेपणा कुठला?

पण ही भीती एकटीने वागवली की तिचे दोन प्रकारचे घोळ होतात. दोन्ही मी जवळून पाहिले आहेत.

आमच्या कामाच्या वस्तीतल्या एक मावशी, साठीच्या. सरकारी योजनेतून ऑपरेशन आणि केमो झाली, मग लेट्रोझोलची गोळी सुरू झाली. काही महिन्यांत बोटं आखडायला लागली, गुडघे धरले, सकाळी पोळपाटाशी उभं राहवेना. त्यांनी मनाशी ठरवलं की आजार हाडांत गेला. घरात मुलीचं लग्न ठरलेलं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत आणि तपासणीची तारीखही चुकवली. गेले तर कळेल, न गेले तर निदान लग्न पार पडेल! वास्तविक लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी अनेक बायकांचे सांधे दुखतात. रोग परतू नये म्हणून दिलेली गोळी अगदी रोग परतल्यासारखं दुखवते, आणि हे गोळी देताना त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. लग्नानंतर आमची कार्यकर्ती त्यांना घेऊन गेली, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि रोज चालायला सांगितलं. दुखणं पुष्कळ उतरलं. मधले पाच महिने मात्र त्या रोज मरत होत्या.

दुसरी माझ्याच वयाची. तिची पाठ दुखायची आणि ती सांगत होती, घरी, डॉक्टरांना, सगळ्यांना. तीन महिने तिला 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवलं. आजार मणक्यात पसरलेला होता. आधी कळलं असतं तर ती किती जगली असती हे मी सांगू शकत नाही. पण हाडातली वेदना रेडिएशनने कमी करता येते, हे नक्की. ते तीन महिने तिने उगाच तळमळत काढले.

मग करायचं काय? महिन्याला स्कॅन? खाजगी प्रयोगशाळा रक्ताच्या तपासण्यांची 'पॅकेजं' विकतात, आणि घाबरलेली बाई मंगळसूत्र मोडूनही ती घेईल. म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं. १९९४ साली इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले. मिळून अडीच हजारांवर स्त्रिया. निम्म्यांच्या ठरावीक मुदतीने हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे अशा जादा तपासण्या केल्या, बाकीच्यांना डॉक्टरांनी हाताने तपासलं आणि मॅमोग्राफी केली. जादा तपासण्यांमुळे आयुष्य वाढलं नाही. आजही लक्षणं नसतील तर डॉक्टरांकडून नियमित तपासणी आणि वर्षाला मॅमोग्राफी एवढंच सुचवलं जातं. मॅमोग्राफी का, तर त्याच किंवा दुसऱ्या स्तनात काही उगवलं तर ते लवकर सापडण्याचा खरा फायदा असतो. मला स्वतःला हे कळल्यावर हायसं वाटलं, आणि रागही आला. एवढी साधी गोष्ट तीन वर्षांत कुणी समोर बसवून सांगू नये?

लक्षण असेल तेव्हा गोष्ट वेगळी. स्तनात, काखेत किंवा ऑपरेशनच्या जागी नवी गाठ, हाडात एकाच जागी टिकून वाढत जाणारं दुखणं, दम लागणं, दोन-तीन आठवडे न हटणारा खोकला, कारण नसताना वजन उतरणं, हे दाखवायलाच हवं. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच. पायांतली ताकद अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी. हे एका पानावर मावतं. हे पान मराठीत, गोळीच्या त्रासांसकट, शेवटच्या केमोच्या दिवशी प्रत्येकीच्या हातात पडलं पाहिजे, आणि त्यावर फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर हवा. ही मागणी आपण रुग्णालयांकडे लावून धरली पाहिजे. गावाकडच्या बाईला २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे खरं, पण एक शंका विचारायला मजुरी बुडवून ती दिवसभर रांगेत कशी बसणार?

नेट-एन ह्या गर्भनिरोधक इंजेक्शनविरुद्ध १९८६ साली स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बाईच्या शरीरात काय घालता ते तिला सांगा, हा आग्रह आपलाच. मग तो लेट्रोझोलपाशी येऊन का थांबावा? ऑस्ट्रेलियात पाच बैठकांच्या समुपदेशनाने ही भीती उतरते असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं. आम्ही काही तसं शास्त्रशुद्ध करत नाही. आठ-नऊजणी महिन्यातून एकदा बसतो. 'पॉझिटिव्ह राहा' हे वाक्य तिथे चालत नाही. नवं दुखणं सुरू झालं की घरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, तारीख लिहायची एवढं आम्ही ठरवलं आहे. म्हणजे रात्री दोनला हिशोब करायचा झाला तर निदान खऱ्या दिवसांचा होतो.

माझा खोकला सतराव्या दिवशी थांबला. सोळाव्या दिवशी मी नवऱ्याला सगळं सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशीची दवाखान्याची वेळही घेतली होती. वेळ घेतलीच होती म्हणून जाऊन आलो. डॉक्टरांनी छाती तपासली, काही नव्हतं. सासूबाई अजून खोकत होत्या, त्यांनाही दाखवून आणलं.

तुमच्या गटात अशा कुणी असतील तर त्यांना विचारा, आणि त्या काय म्हणतात ते आम्हाला कळवा. ते एक पान आम्ही लिहायला घेतलं आहे.